सस्पेन्स खात्यातले कंद



ज्यांनी हिशेबाच्या वह्या लिहिल्या आहेत त्यांना सस्पेन्स खाते ठाऊक असेल. पैसे तर जमा झाले आहेत, पण ते कोणाकडून आणि कशापोटी आले याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी ती रक्कम अंदाजाने कोणाच्याही नावावर न ढकलता या खात्यात टाकून ठेवतात. पुढे पावती सापडली, पत्र आले, की ती योग्य नावावर वळती करतात. बी.कॉम.ला असताना आम्ही हे पाठ केले आणि ऑफिसात इतकी वर्षे तेच करीत आलो. पण या खात्याची खरी किंमत आम्हांला कळली ती परसदारी, मातीत हात घातल्यावर. तीच हकिकत आज सांगतो.

आमचे घर बैठ्या चाळीतले. मागे भिंत आणि गटार यांच्यामध्ये चार हात रुंदीची पट्टी. गावाकडून आई कायमची आमच्याकडे आली तेव्हा त्या पट्टीत विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांखेरीज काही नव्हते. तिने ती साफ केली. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, एक जुना टब, जे मिळेल त्यात माती भरली. कोकणातून कोणी येणार असले की तिचा निरोप आधी जायचा, अमुक कंद फडक्यात बांधून आण. आईने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपे चालवले. स्वतःची म्हणावी अशी जमीन तिला मिळाली ती या अकरा डब्यांतली.

२०२३ च्या जानेवारीत आई गेली. त्या दिवसांत डब्यांकडे कोण बघणार? पाणी घालणे राहिले, पाने पिवळी पडली, एप्रिलपर्यंत बहुतेक डब्यांत नुसती भेगाळलेली माती उरली. आम्हांला वाटले, आईबरोबर झाडेही गेली. मे महिन्यात मागचे गटार नव्याने बांधायचे काम निघाले आणि पट्टी मोकळी करा असा निरोप आला. मुलांची आई म्हणाली, "अहो, डबे भंगारात देऊन टाका, माती गोणीत भरू." आम्ही पहिला डबा उपडा केला आणि आत गच्च भरलेले गाठाळ कंद निघाले. त्यांच्यावर टोचे बाहेर आलेले डोळे होते. झाड मेले नव्हते, झोपले होते.

कंदाच्या झाडांची ही रीतच आहे. आले, हळद यांच्या कंदाला आपण सहज मूळ म्हणतो, पण ते मूळ नव्हे, जमिनीखाली आडवे वाढणारे खोड आहे. शाळेच्या पुस्तकात हे असते, पण आपण परीक्षेपुरते वाचून सोडून देतो. उसाला जशी पेरे आणि डोळे असतात तशी या कंदालाही असतात. पावसाळ्यात पाने अन्न तयार करतात, ते कंदात साठते, आणि पाऊस संपून थंडी सरत आली की वरचा पाला वाळून जातो. पुढचा पाऊस येईपर्यंत सारा जीव खाली. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात रिकामी दिसणारी कुंडी फेकण्याआधी एकदा उकरून पाहावी.

असो. अकरा डबे उपडे झाले, ओसरीवर वर्तमानपत्रे पसरून कंदांचे ढीग मांडले. सारखे सारख्याशी लावल्यावर आठ प्रकार निघाले. त्यांतली हळद आणि आले तेवढे आम्ही ओळखले. बाकीचे सहा कोण, हे सांगणारी एकच व्यक्ती होती आणि ती आता नव्हती. आईला लिहिता येत नव्हते. तिची वही तिच्या डोक्यात होती, आणि आम्ही लिहिणारे असून तिला कधी विचारले नव्हते.

शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचेही गाव कोकणातलेच. सात नंबरच्या डब्यातले पांढरट, गुळगुळीत, दोन फाट्यांचे कंद त्यांनी हातात घेतले आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही कणगर. आमच्याकडे मीठ घालून उकडतात. चार द्या, संध्याकाळी पोरांना देते." आम्ही दिले. खोटे कशाला बोलावे, आमच्याच हाताने मोजून चार दिले. आम्हांला आनंदच वाटला, एका ढिगाला नाव मिळाले म्हणून.

तासाभराने धाकटी मुलगी क्लासहून आली. ढीग पाहत म्हणाली, "पप्पा, हे तारेच्या डब्यातले ना? आजी त्याला हात लावू द्यायची नाही. एकदा मी पान तोडलं तर तिने साबणाने हात धुवायला लावले होते." तेव्हा आमच्या लक्षात आले, सात नंबरचा डबा आईने भिंतीवर उंच ठेवला होता आणि त्याला तार गुंडाळली होती. इतर दहा डब्यांना तार नव्हती. आम्ही चप्पल न घालता तसेच वहिनींच्या दारात गेलो. कंद धुऊन पातेल्यात पडले होते, पाणी ओतलेले होते, स्टोव्ह पेटवायचा राहिला होता. कंद परत मागितले तेव्हा वहिनींना थोडे लागले. "मी काय तुमच्या पोरांना विष घालतेय का?" असे त्या म्हणाल्या. आम्हांला उत्तर देता आले नाही, कारण त्या वेळी आम्हांलाही नक्की काही माहीत नव्हते.

त्या रात्री आम्ही ठरवले की हे सारे सस्पेन्स खात्यात. ज्याची ओळख पटलेली नाही ते कोणाच्याही पोटात जाणार नाही, अंगाला लावले जाणार नाही आणि कोणाला नाव सांगून दिले जाणार नाही. झाड स्वतः पावती देईपर्यंत थांबायचे.

ओळख पटवायची कशी, हे आम्ही पुढच्या चार महिन्यांत शिकलो ते असे.

पहिली साक्ष कंदाची. स्वच्छ सुरीने टोकाचा छोटा तुकडा कापावा, रंग पाहावा आणि वास घ्यावा. हळद आतून गडद नारिंगी-पिवळी. आले फिकट पिवळे, दोरे असलेले, वास झणझणीत. आंबेहळद आतून फिकी, आणि तिला चक्क कैरीचा वास. आमच्या तीन नंबरच्या डब्याचे कोडे या वासानेच सुटले. मात्र आंबेहळद या नावाने बाजारात एकाहून अधिक प्रकारचे कंद विकले जातात, म्हणून नावापेक्षा वासावर भर द्यावा. कर्दळीचा कंद पांढरा, पिठूळ, वास जवळजवळ नाही. आणि एक नियम दगडावर कोरून ठेवावा: जिभेने ओळख करायची नाही. अळूच्या जातीच्या कंदांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कच्चे तोंडात गेले की घसा सुजतो. काही कंद तर चवीला साधे आणि पोटात घातक असतात.

दुसरी साक्ष पानाची. हळदीचे पान वीतभर रुंद, आल्याचे बोटभर. दोन्ही चुरगाळली की वास येतो. सोनटक्क्याची पाने दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन ओळींत शिडीसारखी लागतात. कर्दळीची पाने दांड्याभोवती फिरत फिरत वर जातात आणि चुरगाळली तरी वास येत नाही. अळूचे देठ पानाच्या काठाला न जुळता थोडे आत, पाठीला जुळलेले असते आणि पानावर पाणी ठरत नाही.

तिसरी साक्ष जागेची. लावणाऱ्याने झाड कुठे ठेवले होते? आमच्याकडचा टब नळाखाली होता आणि त्याला खाली भोक नव्हते. आईसारखी बाई भोक पाडायला विसरेल काय? ते झाड पाणथळीचेच असणार. तलवारीसारखी पाने, मधोमध शीर, आणि पान मोडताच ओळखीचा उग्र वास. ते वेखंड निघाले. वेखंड आपल्या घरांत बाळाच्या अंगाला लावतात, काही ठिकाणी उगाळून चाटवतातही. येथे सावध करणे आम्ही कर्तव्य समजतो. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्या अपायामुळे अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी झाली. तान्ह्या बाळाला चाटवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे.

चौथी आणि सर्वांत भरवशाची साक्ष फुलाची. त्यासाठी धीर लागतो. हल्ली मोबाइलवर फोटो काढून झाडाचे नाव सांगणारी सोय आहे. मुलीने तीही करून पाहिली. पण नुसत्या कंदाच्या फोटोवरून एकाच ढिगाला तीन वेगवेगळी नावे मिळाली. फूल आल्यावर मात्र त्याचा उपयोग झाला. तरीही खाण्याचा प्रश्न असेल तेथे मोबाइलवर विसंबू नये. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असतात, त्यांना पान, फूल आणि कंद असे तिन्ही नेऊन दाखवावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा ठिकाणी वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने नावानिशी जपून ठेवलेले असतात.

आता जागा बदलण्याविषयी. कंदाचे झाड हलवायचे तर पाला वाळल्यानंतर आणि नवे कोंब फुटण्यापूर्वी. दांडा धरून उपटू नये. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून कडेने माती सैल करावी आणि खालून उचलावे. मऊ पडलेला, कुजका वास येणारा भाग कापून टाकावा. मोठा गड्डा तोडायचा असेल तर प्रत्येक तुकड्यावर निदान दोन डोळे हवेत. तोडलेल्या जागी चुलीची राख लावून तुकडे दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. लगेच लावायचे नसतील तर कोरड्या वाळूत, हवेशीर खोक्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर घामेजून कुजतात.

लागवड मेअखेर किंवा पहिल्या पावसाबरोबर. कंद आडवे पसरतात, म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट भांडे चांगले. तांदळाची जुनी गोणी वरून दुमडून घेतली तरी चालते. निम्मी माती, पाव भाग कुजलेले शेणखत, पाव भाग वाळू. डोळे वर करून दोन इंच मातीखाली ठेवावे. कर्दळीला ऊन हवे, आले-हळदीला थोडी सावली चालते. कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने. वेखंडाची गोष्ट वेगळी, त्याचे पाय नेहमी ओले हवेत. पाऊस चांगला लागला की मातीची भर घालावी, म्हणजे कंद उघडे पडत नाहीत.

हे आज आम्ही शहाण्यासारखे सांगतो, पण त्या वर्षी आमचे एक मोठे नुकसान झाले. नवे डबे आणताना दोन डब्यांना भोके पाडायची राहिली आणि नेमके त्यांतच आले लावले. वर प्रेमाने रोज पाणी. जुलैत कोंब पिवळे पडले, ओढताच हातात आले, खाली नुसता चिखल. याला शेतकरी कंदकूज म्हणतात. पाणी साचले की बुरशी शिरते आणि गड्डा जातो. आईच्या हातचे आले आमच्या निष्काळजीपणाने संपले. त्या दिवशी आम्हांला जेवण गेले नाही.

ऑगस्टमध्ये सात नंबरने पावती दिली. वेल तोवर खिडकीच्या गजापर्यंत चढला होता, आणि चढला होता तो पानांच्या टोकांनी. प्रत्येक पानाचे टोक कुरळे होऊन आधाराला धरीत होते. मग फूल आले. पाकळ्या मागे वळलेल्या, नागमोडी काठाच्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, जणू ज्वाळा. वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. "भाऊजी, हे तर कळलावीचं फूल!" त्यांनी ते फूल गावच्या रानात शंभरदा पाहिले होते, कंद मात्र कधी पाहिला नव्हता. फूल ओळखणारा माणूस कंद ओळखेलच असे नाही, हा त्यातला धडा.

कळलावीच्या साऱ्या झाडात, आणि विशेषकरून कंदात व बियांत, कोल्चिसीन नावाचे विष असते. तेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत डॉक्टर काही सांधेदुखीवर देतात, आणि औषध कंपन्यांसाठी तामिळनाडूत या वेलीची शेती होते. तामिळनाडूचे ते राज्यपुष्पही आहे. पण रताळे किंवा कणगर समजून कंद खाल्ला तर काही तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे रक्त, मूत्रपिंड यांवर परिणाम होतो आणि जीवही जातो. असे कोणाच्या बाबतीत घडले तर घरगुती उपाय करीत बसू नये. उरलेला कंद पिशवीत घालून माणसाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे, म्हणजे काय खाल्ले ते डॉक्टरांना कळते. आमच्या हाताने मोजून दिलेले ते चार कंद आठवले की आजही अंगावर काटा येतो.

पण आईने असली वेल ठेवली तरी कशाला? गावी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ती तुझ्या आजीची. आजी सुईणपण करायची. बाई अडली की हिचा कंद उगाळून तळपायाला लावायचे. म्हणून तर तिचं नाव कळलावी. दवाखाना होता कुठे तेव्हा?" म्हणजे तीन पिढ्या ती वेल गावातून गावात फिरली होती. आजी, आई आणि मावशी यांना तिची ताकद आणि तिचे भय दोन्ही माहीत होते. तार गुंडाळलेला डबा ही आईची चिठ्ठीच होती, फक्त ती वाचायला आम्ही शिकलो नव्हतो. आज बाळंतपण दवाखान्यातच व्हावे आणि असले उपाय कोणी करू नयेत, हे सांगायला नकोच.

कळलावी घरात असली की भांडणे लागतात असा एक समज आहे. आम्ही तो मानत नाही. तरी आमच्या घरी भांडण झाले हे कबूल केले पाहिजे. वेल ठेवायची की नाही, यावरूनच झाले. आम्ही म्हणत होतो, आईची आठवण आहे, उंचावर ठेवू. मुलांची आई म्हणाली, "आठवण तुमची, पण ओसरीवर रांगणारी पोरं चाळीची. सासूबाई दिवसभर घरी असायच्या, त्यांची नजर असायची. आता आपण दोघंही कामावर, नजर कोण ठेवणार?" यात समजुतीचा भाग नव्हता, साधा विचार होता. आमचे म्हणणे तेथे संपले. हिवाळ्यात वेल वाळल्यावर आम्ही कंद हलक्या हाताने काढले. त्याच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशीच डोळा असतो, टोक मोडले की तो फाटा फुटत नाही. एका कॉलेजच्या औषधी बागेला ते नेऊन दिले. तेथे आज वेल कुंपणाआड उभी आहे आणि पाटीवर नावाखाली "विषारी" असे स्पष्ट लिहिले आहे. पावसाळ्यात आम्ही एकदा जाऊन फुले पाहून येतो.

आणि आल्याचे काय झाले? पुढच्या मे महिन्यात वहिनी दारात आल्या, हातात कागदाची पुडी. "सासूबाईंनी मला दोन वर्षांपूर्वी आल्याचा तुकडा दिला होता. मी गोणीत लावलाय. त्यातलं हे तुमचं." कंद परत मागायला गेलो होतो ती जखम त्या पुडीने भरून निघाली. आईने दिलेला एक तुकडा शेजारी गेला म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे, ओळख पटलेल्या प्रत्येक कंदाचा एक तुकडा दुसऱ्याच्या घरी असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख आवरतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते. आपल्या प्रत्येक आजीला जे ठाऊक, तो त्यांचा नवा शोध ठरला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण ते कशावर रद्द झाले? आज्यांच्या तोंडी साक्षीवर नव्हे. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख, असा कागद दाखवावा लागला. लिहिलेले टिकते, हे आम्हां कारकुनांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको होते. तरी घरच्या आईबाबत आम्ही ते विसरलो.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या घरी आई, सासूबाई, आत्या, मावशी कोणी झाडे लावीत असतील तर येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. डब्यावर ऑइल पेंटने नंबर घाला. वहीत त्या नंबरापुढे नाव, कुठून आणले, कधी लावायचे, खायचे की नाही आणि हात लावायचा की नाही, एवढे लिहा. शंभर पानी वही पुरते.

आमच्या वहीत आज सात नावे लागली आहेत. हळद, आंबेहळद, आले, कर्दळ, सोनटक्का, वेखंड आणि दुसऱ्याच्या बागेत वळती केलेली कळलावी. आठवा प्रकार अजून सस्पेन्स खात्यातच आहे. तीन पावसाळे झाले, पाने येतात, फूल येत नाही. मावशीलाही तो ओळखता आला नाही. मुलगी दर जूनमध्ये पहिल्या कोंबाची तारीख त्याच्यापुढे लिहून ठेवते. ही बाकी आम्ही ओढत नेऊ. आई काही उगाच लावणारी नव्हती.